ट्रॉलीची जोडणी आणि तिचा ब्रेक

सीतादही होऊन पहिली वेचणी घरांत आली म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. वणी, राळेगांव, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, दारव्हा, कोणत्याहि बाजारपेठेची वाट धरा, काठोकाठ भरलेल्या ट्रॉल्या पुढें चाललेल्या दिसतील. आमच्या वाडवडिलांच्या काळीं हें काम बैलबंडी करीत असे. १९०३ सालीं यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली तीहि मुख्यतः कापसासाठींच. लोकांनीं पुढें तिला प्रेमानें शकुंतला हें नांव दिलें. आतां तिच्या रुळांवरून कापूस जात नाहीं आणि बाजाराच्या वाटेवर बंडीहि क्वचितच दिसते. सारा भार ट्रॅक्टरवर व त्याच्या मागच्या ट्रॉलीवर आला आहे.

ट्रॅक्टर घ्यावयाचा असला म्हणजे आपण सहा महिने विचार करतों, चार गांवीं चौकशी करतों, अश्वशक्ति किती, डिझेल किती, सुटे भाग कोठें मिळतात हें सर्व विचारतों. ट्रॉली मात्र तालुक्याच्या ठिकाणीं एखाद्या कारखान्यांत बनवून घेतों. तेथें विचारतों तें एवढेंच कीं, पत्रा किती जाडीचा, माल किती मावेल आणि रंग कोणता. ती ट्रॅक्टरला जोडली कशी जाणार आणि थांबणार कशी, हे दोन प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आम्हींहि विचारले नव्हते. म्हणूनच हा लेख लिहिण्याचें कारण आम्ही प्रथम सांगून टाकतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरची भरलेली ट्रॉली पुसदकडील एका उतारावरून येत होती. ट्रॉलीला ब्रेक नव्हते. जोडणीची मूळ पिन हरवली होती, तिच्या जागीं सळईचा एक तुकडा घातलेला होता. समोर शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. आमच्या सालदारानें ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबूं पाहत होता, पण ट्रॉली थांबावयास तयार नव्हती. तिनें ट्रॅक्टरला मागून रेटून आडवें केलें, सळई वांकून तुटली आणि ट्रॉली नालींत कलंडली. ट्रॅक्टरहि एका अंगावर गेला व सालदाराचा पाय त्याखालीं सांपडला. कापूस दुसऱ्या दिवशीं सायंकाळपर्यंत गोळा झाला. सालदार दोन महिने दवाखान्यांत होता आणि आजहि तो लंगडत चालतो. नवी पिन आणली पाहिजे असें त्यानें दिवाळीच्या आधींच आम्हांस सांगितलें होतें. हंगाम उरकल्यावर पाहूं, असें उत्तर आम्हीं दिलें होतें.

ओझें ओढणें आणि ओझें रोखणें

चढापेक्षां उतार कठीण, हें बंडी हांकणाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. चढावर बैल थकतो इतकेंच. उतारावर बंडी त्याच्या अंगावर येते, जूं शिंगांकडे सरकतें, आणि जाणता गाडीवान खालीं उतरून चाकाला लाकूड अडकवितो. ट्रॅक्टरलाहि हाच न्याय लागू आहे. पण ट्रॅक्टरच्या बळावर आपला इतका विश्वास बसला आहे कीं, जो ओढतो तो थांबवीलच असें आपण गृहीत धरतों. ओढण्याची शक्ति इंजिनाची असते. थांबविण्याची शक्ति चाकांवरील वजनाची व ब्रेकाची असते. या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत.

एक उदाहरण घेऊं. ट्रॅक्टर दोन टन, रिकामी ट्रॉली दीड टन आणि तींत २५ क्विंटल कापूस, म्हणजे अडीच टन. एकूण सहा टन. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर सहा टनांचा वेग रोखण्याचें काम दोन टनांच्या ट्रॅक्टरवर पडतें. एकटा ट्रॅक्टर ताशीं २० किलोमीटर वेगांत असतां ब्रेक लावल्यावर सुमारें ५ मीटरांत थांबतो असें धरलें, तर तितक्याच जोरानें ब्रेक लावून ही सबंध जोडी थांबण्यास सपाटीवर १५ मीटर लागतील. वेग ३० केला तर सुमारें ३५ मीटर लागतील. कारण वेग दीडपट झाला म्हणजे अंतर सव्वादोनपट होतें. रस्ता वीस फुटांस एक फूट उतरता असेल तर २० च्या वेगालाहि १५ मीटरांचे ३० मीटर होतात. दहा फुटांस एक फूट असा उतार आला तर ब्रेकाचा जवळजवळ सगळा जोर उतार सावरण्यांतच खर्च होतो व गाडी थांबतच नाहीं असें म्हटलें तरी चालेल. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा काळ यांत धरलेला नाहीं. एका सेकंदांत २० च्या वेगाची गाडी साडेपांच मीटर पुढें गेलेली असते. दांडीवरून ट्रॅक्टरवर येणाऱ्या वजनामुळें प्रत्यक्ष आंकडे थोडेफार बदलतील, तात्पर्य बदलणार नाहीं. उलट ट्रॉलीच्या चाकांना तिच्या वजनाच्या मानानें पुरेसे ब्रेक असतील, तर ही जोडी एकट्या ट्रॅक्टरइतक्याच अंतरांत थांबूं शकेल.

जोडणीची जागा

ट्रॉली ट्रॅक्टरला कोठें जोडावी याचें उत्तर एकच आहे: कारखानदारानें ट्रॉलीसाठीं नेमून दिलेल्या खालच्या हुकाला किंवा ओढदांडीला. ओढ मागील आंसाच्या खालून लागली पाहिजे. वरच्या दुव्याला, म्हणजे ज्यास टॉप लिंक म्हणतात त्याला, किंवा आंसाच्या वर कोठेंहि दोर वा सांखळी बांधून ओढल्यास ओझें अडतांच ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जातो आणि पाहतां पाहतां ट्रॅक्टर मागें उलटून चालकावर पडतो. चिखलांत रुतलेली ट्रॉली काढतांना हा अपघात विशेषेंकरून घडतो. जुन्या काळच्या हलक्या ट्रॅक्टरांत हा दोष मोठा होता. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनीं औजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंनीं जोडण्याची जी पद्धति बसविली व जी १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरावर आली, तिच्या मुळाशीं हाहि प्रश्न होता.

मात्र ती तीन बिंदूंची जोडणी नांगर, वखर, पेरणीयंत्र यांसाठीं आहे. खालच्या दोन हातांमध्यें भोकांची पट्टी बसवून तिलाच भरलेली ट्रॉली लावण्याची खोड अनेक ठिकाणीं दिसते. हे हात वर-खालीं होतात व बाजूच्या सांखळ्या सैल असल्यास डावी-उजवीकडेहि झुलतात. रस्त्यावरच्या भरलेल्या ट्रॉलीला असा हलता आधार उपयोगाचा नाहीं.

हुकाची उंची अशी असावी कीं, जोडल्यावर ट्रॉलीचा तळ सपाट राहील. तळ पुढें झुकला तर हुकावर भार वाढतो. मागें झुकला तर दांडी हूक वर उचलूं पाहते.

दांडीवरील भार

दोन चाकांच्या ट्रॉलीचा कांहीं भार दांडीवाटे ट्रॅक्टरवर येतो. हा भार थोडा असणें हिताचें आहे, कारण त्यामुळें मागील चाकांची पकड वाढते. फार असेल तर पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणू ऐकेनासें होतें. हुकावर ५०० किलो भार आला, हूक मागील आंसापासून ६० सेंटिमीटर मागें आहे, आणि पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २ मीटर आहे असें धरा. पुढच्या चाकांवरून १५० किलो वजन उचललें जाईल. चढावर ओढीमुळें आणखी कमी होईल. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरास तो ४०० किलो होतो. पुढें वजनाच्या पट्ट्या बसवितात त्या याचसाठीं.

याच्या उलट, माल आंसाच्या मागें जास्त भरला तर दांडी वर उचलते, मागील चाकांची पकड जाते आणि वेगांत ट्रॉली शेपटासारखी झुलूं लागते. म्हणून सोयाबीन, तूर किंवा खताचीं पोतीं भरतांना अवजड थर प्रथम आंसावर व त्याच्या किंचित् पुढें लावावा. कापसाची गोष्ट निराळी. तो सर्वत्र सारखा तुडवून भरला जातो; पण त्याचा ढीग उंच होतो, त्यामुळें वळणावर कलंडण्याचें भय अधिक. ढिगाची उंची दोन हात कमी करून एक फेरी जास्त करणें हें, एकदां कलंडलेली ट्रॉली उचलण्यापेक्षां, केव्हांहि स्वस्त आहे. चार चाकांच्या, पुढचा आंस दांडीबरोबर वळणाऱ्या ट्रॉलीचा भार हुकावर जवळजवळ येत नाहीं. तिला ट्रॅक्टरची पकडहि त्यामुळें मिळत नाहीं, म्हणून तिचे स्वतःचे ब्रेक अधिकच जरूर आहेत.

पिन, कडी व सांखळी

पिन योग्य जाडीची, एकसंध व त्याच कामासाठीं केलेली असावी. सळई, पहारेचा तुकडा, जुन्या आंसाचा कापलेला दांडा किंवा वेल्डिंगनें जोडलेली पिन वापरूं नये. भोकापेक्षां पिन फार बारीक असली तर प्रत्येक धक्क्याला हातोड्यासारखा मार बसतो व पिन आणि कडी दोन्ही झिजतात. पिनेच्या खालच्या टोकाला अडकण असलेंच पाहिजे. खडबडीत वाटेवर मोकळी पिन उसळून बाहेर येते. दांडीची कडी ज्या बाजूनें ओढली जाते त्या बाजूला आंतून झिजते. हंगामाच्या आधीं ती पुसून स्वच्छ करावी, न झिजलेल्या बाजूशीं तिची जाडी ताडून पहावी आणि बारीक चिरा आहेत काय तें उजेडांत पहावें. चीर दिसल्यास कडी बदलावी.

पिन तुटली तरी ट्रॉली सुटूं नये म्हणून दोन सांखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घालून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला अडकवाव्या. वळतांना ताण पडणार नाहीं इतकी ढील ठेवावी, पण जमिनीला लागेल इतकी नको. दांडी निसटली तर ती या फुलीवर झेलली जाते. तिचें टोंक रस्त्यांत रुतून ट्रॉली उलटत नाहीं.

ब्रेकांचे प्रकार

ट्रॉलीच्या ब्रेकांचे चार प्रकार जाणून घेण्यासारखे आहेत.

पहिला, रेट्यानें लागणारा. यांत दांडीचें टोंक पुढें-मागें सरकणारें असतें. ट्रॅक्टर मंदावला कीं ट्रॉली पुढें रेटते, तो रेटाच कांबीनें किंवा तेलाच्या दाबानें चाकांचे ब्रेक लावतो. ट्रॅक्टरशीं नळी वा तार जोडण्याची गरज नाहीं, म्हणून एकच ट्रॉली कोणत्याहि ट्रॅक्टरमागें चालते. दोष दोन: मागें घेतांनाहि रेटा बसून ब्रेक लागतो, त्यासाठीं निराळा अटकाव लागतो, आणि लांब उतारावर तो सारखा लागत राहून तापतो.

दुसरा, तेलाच्या दाबाचा. ट्रॅक्टरच्या ब्रेकशीं जोडलेली झडप नळीवाटे ट्रॉलीच्या ब्रेकांना दाब देते. हा चालकाच्या पायाशीं बांधलेला असल्यामुळें रेट्याच्या ब्रेकपेक्षां नेमका. पण ट्रॅक्टरवर तशी झडप हवी, आणि नळ्यांची टोंकें धुळीपासून जपलीं पाहिजेत.

तिसरा, हवेच्या दाबाचा. यास हवा भरणारें यंत्र व टाकी लागते, म्हणून खर्च जास्त. जड वाहतुकीला मात्र हा उत्तम. दोन नळ्यांच्या पद्धतींत मोठा गुण असा कीं, ट्रॉली सुटून भरणा करणारी नळी तुटली तर ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात.

चौथा, विजेचा. तो आपल्याकडील ट्रॉल्यांना बसवीत नाहींत. पण अमेरिकेंत मोटारीमागें लहान फिरतें घर जोडून प्रवासास निघणारीं कुटुंबें, त्यांत आपलीं मराठी कुटुंबेंहि आहेत, याच ब्रेकावर विसंबतात. चालकाजवळ एक नियंत्रक असतो. त्याचा एक प्रकार पाय ब्रेकवर पडला कीं ठरलेल्या वेळांत ठरलेला जोर पोंचवितो. दुसरा प्रकार मोटार किती जोरानें मंदावते तें जोखून तितकाच जोर मागच्या गाडीला देतो. दुसरा अधिक चांगला, कारण हळूं थांबतांना धक्का देत नाहीं व एकाएकीं थांबतांना कमी पडत नाहीं. शिवाय मागील गाडीवर एक छोटी बॅटरी व तारेनें ओढली जाणारी कळ असते. गाडी सुटली तर ती कळ ब्रेक लावते. आपण यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, मागच्या गाडीचा ब्रेक पुढच्या गाडीच्या प्रमाणांत लागला पाहिजे आणि ती सुटली तरी लागला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यांतील सामान्य कास्तकारानें, ट्रॅक्टरवर झडप असल्यास तेलाच्या दाबाचा, नसल्यास रेट्याचा ब्रेक घ्यावा, असें आमचें मत आहे. उमरखेड व महागांवकडे ऊंसासाठीं एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या लावण्याची चाल आहे. ब्रेक नसलेल्या दोन ट्रॉल्या लावणें आम्ही सर्वथा अयोग्य समजतों. ब्रेक कोणताहि असो, उभी ट्रॉली रोखून धरणारा हाताचा दांडा निराळा असावा. केवळ चाकाखालच्या दगडावर भरंवसा ठेवूं नये.

जुळणी व परीक्षा

ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या बरोबर किंवा केंसभर आधीं लागावा. म्हणजे जोडी ताणलेली राहते व सरळ थांबते. ट्रॅक्टरचा आधीं लागला तर ट्रॉली रेटते, आणि वळणावर दोघांची चाकूच्या पात्यासारखी घडी होते. ट्रॉलीचा फार जोरानें लागला तर तिचीं चाकें घसटत जाऊन टायर झिजतात.

परीक्षा सोपी आहे. सपाट, मोकळ्या वाटेवर चुन्याची एक रेघ ओढावी. ताशीं १० किलोमीटर वेगानें येऊन रेघेवर ब्रेक लावावा व थांबलेलें अंतर मोजावें. प्रथम एकटा ट्रॅक्टर, मग रिकामी ट्रॉली, मग भरलेली. शेवटचें अंतर पहिल्याच्या फार पुढें गेलें तर ट्रॉलीचा ब्रेक कमी पडतो. थोड्या वेळानें दोन्ही चाकांच्या ड्रमांजवळ हात न्यावा, स्पर्श करूं नये. एक तप्त व एक थंड असेल तर एकच बाजू काम करीत आहे.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे निराळे ब्रेक असतात. शेतांत वळण्यास ते उपयोगी. रस्त्यावर निघतांना मात्र दोन्ही पायटे अडकणीनें एकत्र जोडावे. हें विसरल्यास एकच चाक धरतें व ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

उतारावरील वर्तन

ज्या गिअरांत चढ चढतों त्याच गिअरांत तो उतरावा, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वींच टाकावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें किंवा क्लच दाबून ठेवणें म्हणजे इंजिनाचा आधार स्वतःहून टाकणें होय. डिझेलची जी बचत होते ती मुठींत मावणारी नाहीं. केवळ ब्रेकवर उतरण्याचा परिणाम काय होतो तो पहा: सहा टनांचें ओझें ५० मीटर खालीं उतरतांना जी उष्णता निर्माण होते, तिनें ३० अंशांचें १० लिटर पाणी उकळूं लागेल. एवढी उष्णता ब्रेकांत सांठली म्हणजे त्यांची पकड ढिली पडते, आणि तीहि नेमकी उताराच्या शेवटीं.

नव्या रुंद रस्त्यांनीं सोय झाली तशी जोखीमहि वाढली. पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ किंवा उमरखेड, आर्णी, यवतमाळवरून जाणारा ३६१ यांवर मागून येणारी मोटार आपल्या तिप्पट-चौपट वेगांत असते. ट्रॉलीच्या पाठीला लाल दिवे व चकाकणाऱ्या पट्ट्या असाव्या, आणि कापसाच्या झालरीनें त्या झांकूं नयेत. ट्रॉलीची नोंदणीहि ट्रॅक्टरच्या नोंदणीहून निराळी करावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रॉलीसहि मोटार वाहनांत धरलें आहे. शेवटीं, वेचणाऱ्या बायांना कापसाच्या ढिगावर बसवून आणण्याची रीत सोडून द्यावी. ट्रॉली मालासाठीं आहे.

आमच्या बंधूंस विनंति

या सर्वाला खर्च लागतो हें खरें. परंतु नवी ट्रॉली करवितांनाच ब्रेकांसह करविली तर तो एकंदर किंमतीचा लहान भाग असतो. जुन्या ट्रॉलीला पुष्कळदां मागाहून बसवितां येतात. पिन, अडकण व दोन सांखळ्या यांना तर हंगाम उरकण्याची वाट पहावी लागत नाहीं. त्या उद्यांच्या बाजारांत मिळतील.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या ट्रॉल्या आपण स्वतः हांकीत नाहीं. त्या आपला सालदार हांकतो, किंवा आपला मुलगा. मालक घरीं हिशेब करीत असतो आणि उतारावर दुसराच कोणी असतो. त्यानें पिन मागितली तर ती त्याच दिवशीं आणून द्यावी. आम्हीं दिली नाहीं. आमच्या सालदारानें आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. तो अजून आमच्याकडेच आहे, आतां तो कोठारावर बसतो. पण दर हंगामांत पहिली ट्रॉली भरली म्हणजे तो काठी टेकीत येतो, खालीं वांकून पिन हातानें हलवून पाहतो, आणि मगच चालकाला जा म्हणतो. ही तपासणी प्रत्येक घरीं व्हावी, आणि ती करणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय धड असावे, एवढीच आमची इच्छा आहे.